उत्खननाचे छायाचित्र नेमके कुठले? मूळ स्रोत शोधण्याची रीत

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाण्याखालील पुरातत्त्व शाखेने द्वारकेच्या किनाऱ्यालगत समुद्रतळाचा शोध पुन्हा सुरू केला. बातमी खरी होती आणि महत्त्वाचीही होती. परंतु द्वारकेचा विषय निघाला की व्हॉट्सॲपच्या गटांत जी छायाचित्रे फिरू लागतात, त्यांतील काही द्वारकेची नसतात. निळ्याशार पाण्यात उभे खांब, कमानी आणि प्रवेशाशी बसलेले सिंह ज्यांत दिसतात, ती छायाचित्रे अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मायामीजवळच्या की बिस्केन बेटासमोर सुमारे १२ मीटर खोल पाण्यात बांधलेल्या ‘नेपच्यून मेमोरियल रीफ’ या स्मारकाची आहेत. हे स्मारक २००७ साली खुले झाले. मृतांची रक्षा सिमेंटमध्ये मिसळून तेथे ठेवली जाते. ज्याला आपण हजारो वर्षांपूर्वीची नगरी समजून हात जोडतो, ती वास्तू अशा प्रकारे जेमतेम दोन दशकांची असते.

खऱ्या द्वारकेची छायाचित्रेही उपलब्ध आहेत. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पुरातत्त्वज्ञ डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात तेथे समुद्रात बुडी मारून संशोधन केले. त्या कामाच्या अहवालांत शेवाळाने माखलेले घडीव दगड आहेत आणि एक किंवा तीन भोके पाडलेले दगडी नांगर आहेत. ही चित्रे गढूळ आणि देखाव्याच्या दृष्टीने फिकी वाटतात, म्हणूनच ती फारशी कोणी पुढे पाठवत नाही. एखादे चित्र आपल्यासमोर आले की ते या दोहोंपैकी कोणत्या जातीचे आहे हे सामान्य वाचकाने कसे ओळखावे, हा या लेखाचा विषय आहे.

‘मूळ स्रोत’ कशाला म्हणायचे?

जमीन विकत घेताना जाणता माणूस सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे एवढेच पाहून थांबत नाही. तो जुने फेरफार काढतो. हे नाव वारसाने लागले की खरेदीखताने, त्याआधी कोण होते, मध्येच क्षेत्र कमी कसे झाले, हे एकेक पायरी मागे जात तपासतो. छायाचित्राचेही असेच असते. ते आपल्याला ज्याने पाठवले तो केवळ शेवटचा कब्जेदार असतो. त्याच्याआधी कोणीतरी ते पृष्ठावर टाकलेले असते, त्याच्याआधी कोणी कडा कापलेल्या असतात, कोणी खाली नवा मजकूर जोडलेला असतो, कोणी कोपऱ्यात आपले नाव उमटवलेले असते. फरक इतकाच की जमिनीच्या हस्तांतराची नोंद तलाठी ठेवतो. चित्राच्या हस्तांतराची नोंद कोणीच ठेवत नाही, आणि ती आपल्याला पुन्हा जुळवावी लागते.

येथे एक भेद सुरुवातीलाच स्पष्ट केला पाहिजे, कारण बहुतेक शोध याच ठिकाणी अर्धवट राहतात. आपल्याला आंतरजालावर सापडलेली सर्वांत जुनी प्रत आणि चित्राचा मूळ स्रोत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छायाचित्रकार किंवा संस्था, ठिकाण, तारीख आणि ज्या कामात ते चित्र काढले गेले ते काम, या चार गोष्टी जेथे एकत्र सापडतात आणि एकमेकींशी जुळतात, त्या जागेला मूळ स्रोत म्हणावे. निव्वळ जुनेपणा पुरेसा नाही.

घटोत्कचाचा सांगाडा: एका चित्राचा उलटा प्रवास

हा भेद समजून घेण्यासाठी आपल्याकडे फार गाजलेले एक चित्र पाहू. वरून घेतलेल्या या छायाचित्रात खोल खड्ड्यात एक अवाढव्य मानवी सांगाडा पसरलेला दिसतो. भोवती लाकडी फळ्या आहेत आणि कवटीशेजारी फावडे घेतलेला एक माणूस उभा आहे. कवटीच जवळजवळ त्या माणसाएवढी आहे. सोबतच्या इंग्रजी मजकुरात म्हटले होते की उत्तर भारतातील वाळवंटात नॅशनल जिओग्राफिकच्या ‘भारत विभागाला’ लष्कराच्या मदतीने हा सांगाडा सापडला, जवळच कोरीव लेखही मिळाले, आणि हा भीम व हिडिंबेचा पुत्र घटोत्कच असावा. कुरुक्षेत्रावर कोसळताना घटोत्कचाने देह वाढवून कौरवांचे सैन्य चिरडले, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. मनात त्या चित्रासाठी जागा आधीच तयार होती. मुंबईहून निघणाऱ्या एका मासिकाने २००७ साली ही बातमी म्हणून छापली आणि नंतर ती मागे घेतली.

आता पायऱ्या उतरू. पहिला धागा चित्रात नसून मजकुरात होता. भारतातील त्या वाळवंटाला ‘एम्प्टी क्वार्टर’ म्हणतात, असे त्यात लिहिलेले होते. भारतात या नावाचे वाळवंट नाही. हे नाव अरबस्तानच्या दक्षिणेकडील ‘रुब अल खाली’ या वाळवंटाचे आहे. म्हणजे मजकूर मूळचा तिकडचा होता आणि इकडे आणताना ते एक नाव बदलायचे राहून गेले होते. खरोखरच तीच हकीकत सौदी अरेबियाच्या नावाने त्याआधी फिरत होती. तेथे वायूचा शोध घेणारी तेल कंपनी होती आणि कुराणात ज्यांचा उल्लेख येतो त्या आद लोकांचा तो सांगाडा होता. बांगलादेशातील एका इंग्रजी दैनिकाने २००४ साली ती छापलीही होती. नक्कल करताना राहून गेलेल्या चुकीवरून प्रतींचा वंश शोधण्याची ही पद्धत आपल्याला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, तिच्यामागेही कोणत्या प्रतीत कोणता पाठ आणि कोणती भर समान आहे याचाच बारकाईने केलेला अभ्यास होता. घटोत्कचाच्या नावाने फिरणारी बातमी तपासायला महाभारताच्या अभ्यासकांचीच रीत उपयोगी पडावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

यापुढची पायरी २००२ सालची आहे. ‘वर्थ १०००’ नावाच्या संकेतस्थळावर संगणकाच्या साहाय्याने चित्रांची जोडकामे करण्याच्या स्पर्धा होत असत. त्यांपैकी एका स्पर्धेचा विषयच पुरातत्त्वातील अशक्य शोध हा होता. ‘आयर्नकाइट’ या टोपणनावाने काम करणाऱ्या कॅनडातील एका चित्रकाराने तीत हे चित्र सादर केले आणि त्याला तिसरा क्रमांक मिळाला. त्याने कोणाचीही फसवणूक केली नव्हती. चित्र बनावट आहे हे स्पर्धेतील प्रत्येकाला ठाऊक होते. चित्र त्या पृष्ठावरून उचलले गेले, आणि ‘ही स्पर्धेतील कलाकृती आहे’ ही माहिती तेवढी मागे राहिली.

ही सर्वांत जुनी प्रत झाली. मूळ स्रोत अजून एक पायरी खाली आहे. चित्रातला खड्डा, फळ्या, माती आणि माणसे खरीच होती. न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क या गावी एका घरामागच्या तळ्यात २००० साली मॅस्टोडॉन या प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा उकरून काढण्यात आला. हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झालेला हा हत्तीचा दूरचा नातलग. कॉर्नेल विद्यापीठ आणि इथाका येथील पुराजीवशास्त्र संशोधन संस्था यांचा त्या कामात सहभाग होता, आणि त्या उत्खननाचे वरून घेतलेले छायाचित्र प्रसिद्धही झाले होते. चित्रकाराने त्याच छायाचित्रावर मानवी सांगाड्याचे चित्र मोठे करून बसवले. नॅशनल जिओग्राफिकने डिसेंबर २००७ मध्ये हा सारा उलगडा प्रसिद्ध केला आणि असे कोणतेही उत्खनन आपण केले नसल्याचे सांगितले. ज्या मॅस्टोडॉनच्या जागी घटोत्कच झोपवला गेला, तो आज इथाकाच्या संग्रहालयात उभा आहे.

यंत्र चित्र कसे ओळखते?

त्या काळी सामान्य माणसाकडे चित्रावरून चित्र शोधण्याचे साधन नव्हते. ‘टिनआय’ ही सेवा २००८ मध्ये आली, गूगलची तशी सोय २०११ मध्ये. आज फोनमधल्या गूगल लेन्सला चित्र दिले की क्षणात उत्तरे येतात. पण त्या उत्तरांचा अर्थ लावायचा तर आत काय घडते याची थोडी कल्पना हवी.

अगदी साध्या रीतीत संगणक चित्र लहान करून ८ × ८ म्हणजे ६४ चौकटींचे करतो, रंग काढून टाकतो, आणि प्रत्येक चौकट सरासरीपेक्षा उजळ असेल तर १ आणि काळोखी असेल तर ० लिहितो. अशी ६४ अंकांची जी ओळ तयार होते तिला चित्राचा ‘अंकीय ठसा’ म्हणू. दोन चित्रांच्या ठशांत मोजक्याच अंकांचा फरक असेल, तर ती एकाच चित्राच्या प्रती असण्याचा संभव मोठा. चित्र लहानमोठे केले किंवा थोडे फिकट केले तरी ठसा फारसा बदलत नाही. कडा कापल्या किंवा आरशातल्यासारखे उलटे केले, तर मात्र बराच बदलतो. प्रत्यक्षातल्या सेवा याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या पद्धती वापरतात, पण मर्यादा याच प्रकारच्या असतात. म्हणून एकदा शोधून काही मिळाले नाही, तर चित्रावरचा मजकूर व चौकट कापून, मधला महत्त्वाचा भाग वेगळा काढून आणि चित्र डावे-उजवे उलटवून पुन्हा शोधावे.

दोन प्रकारच्या सेवांतील फरकही ध्यानात ठेवावा. टिनआय मुख्यतः त्याच चित्राच्या प्रती शोधते. गूगल लेन्स त्यासोबत दिसायला सारखी असलेली वेगळी चित्रेही देते. लेन्सने एखाद्या मूर्तीखाली बदामीचे नाव दाखवले, तर त्याचा अर्थ ‘ही मूर्ती बदामीच्या मूर्तींसारखी दिसते’ इतकाच असू शकतो. तो पुरावा नव्हे, पुढे कुठे पाहावे याची सूचना आहे.

तारखांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. टिनआय ‘प्रथम आढळले’ म्हणून जी तारीख दाखवते, ती त्या सेवेच्या यंत्राला ते पृष्ठ प्रथम दिसल्याची असते, चित्र प्रसिद्ध झाल्याची नव्हे. संकेतस्थळावर २००५ सालचा लेख असला, तरी त्यातले चित्र मागाहून बदललेले असू शकते. अशा वेळी इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर त्या पृष्ठाच्या जुन्या प्रती पाहाव्यात. तेथे प्रत्येक प्रत केव्हा घेतली गेली हे दिसते, आणि ती तारीख पृष्ठाच्या मालकाला मागाहून बदलता येत नाही.

छायाचित्रातच माहिती दडलेली असते ना?

काही प्रमाणात असते. डिजिटल कॅमेरा किंवा फोन छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळ, कॅमेऱ्याचे नाव आणि कधी कधी स्थळाचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. परंतु व्हॉट्सॲप आणि बहुतेक समाजमाध्यमे चित्र पुढे जाताना ही नोंद काढून टाकतात, त्यामुळे आपल्या हाती येणारी प्रत सहसा कोरीच असते. नोंद शाबूत असली तरी ती कोणालाही बदलता येते.

उत्खननाच्या छायाचित्रात याहून भरवशाची माहिती डोळ्यांना दिसेल अशी असते. पुरातत्त्वज्ञ नोंदीसाठी छायाचित्र घेतात तेव्हा चौकटीत काळ्या-पांढऱ्या किंवा लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी ठेवतात, उत्तर दिशा दाखवणारा बाण ठेवतात, आणि पुष्कळदा स्थळाचे लघुनाव, चराचा क्रमांक, थर व तारीख लिहिलेली पाटीही ठेवतात. या पाटीवरची चार अक्षरे वाचता आली, तर तासांचा शोध मिनिटांत संपतो. दुर्दैव असे की चित्र ‘सुंदर’ दिसावे म्हणून पुढे पाठवणारा नेमका तोच कोपरा कापतो. एकाच चित्राच्या अनेक प्रती मिळाल्या तर ज्या प्रतीत सर्वांत जास्त भाग दिसतो आणि जिची स्पष्टता सर्वांत अधिक आहे, ती मूळच्या अधिक जवळ असण्याचा संभव मोठा. कापलेल्या प्रतीतून कापलेला भाग परत येत नाही.

शोधूनही काहीच सापडले नाही, तर चित्र खरे समजावे का?

समजू नये. काही न सापडण्याची कारणे अनेक असतात. चित्र केवळ छापील अहवालात असेल, संस्थेच्या अंतर्गत संग्रहात असेल, किंवा अगदी नवे असेल.

अलीकडे आणखी एक कारण जोडले गेले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्राला मूळ छायाचित्रच नसते. घटोत्कचाच्या चित्राखाली निदान हाइड पार्कचा खड्डा होता. अशा चित्राखाली खणण्यासारखे काहीच नसते. या अडचणीवर उपाय म्हणून काही कंपन्या आणि वृत्तसंस्था एकत्र येऊन चित्राबरोबर त्याचा निर्मिती-इतिहास जोडण्याची ‘सी२पीए’ ही पद्धत विकसित करत आहेत, आणि गूगलने आपल्या यंत्राने बनवलेल्या चित्रांत ‘सिंथआयडी’ नावाची अदृश्य खूण घालण्यास २०२३ पासून सुरुवात केली आहे. खूण सापडली तर चित्र यंत्राने बनवले हे कळते. खूण नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण सर्वच यंत्रे ती घालत नाहीत. अशा वेळी दाव्याच्या बाजूने तपास करावा लागतो: इतका मोठा शोध लागला असेल तर उत्खनन करणारी संस्था कोणती, परवानगी कोणाची, कोणत्या हंगामात काम झाले, आणि त्याच शोधाची दुसऱ्या कोनातून घेतलेली छायाचित्रे कोठे आहेत? खऱ्या उत्खननात एकाच वस्तूची अनेक छायाचित्रे घेतली जातात. जगाला हलवणाऱ्या शोधाचे एकच चित्र उपलब्ध असणे ही स्वतःच शंकेची जागा आहे.

नामांकित संस्थेचे नाव होते, वर्तमानपत्रातही आले होते, मग?

नाव लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही. नॅशनल जिओग्राफिकचे नाव त्या मजकुरात होते, आणि त्या संस्थेच्या स्वतःच्या प्रकाशनात ती बातमी कधीच नव्हती. ही तपासणी कोणालाही करता येते: ज्या संस्थेचे नाव घेतले आहे तिच्याच संकेतस्थळावर, तिच्याच अहवालात ते चित्र आहे का? वर्तमानपत्राच्या बाबतीत बातमीदाराने ते चित्र कोठून घेतले हे लिहिलेले आहे का, ते पाहावे. ‘सौजन्य: इंटरनेट’ ही ओळ म्हणजे स्रोत शोधला नसल्याची कबुली आहे. दहा दैनिकांनी एकाच ठिकाणाहून उचललेले चित्र हे दहा साक्षीदार नव्हेत, साक्षीदार एकच आहे.

पण खरेच असे मोठे लोक असतील आणि ते लपवले गेले असेल तर?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवलेला मुद्दा असा की शरीराची उंची दहापट केली आणि प्रमाण तेच ठेवले, तर वजन हजारपट होते, पण हाडाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार येतो. हत्तीचे पाय माणसाच्या पायांपेक्षा प्रमाणाने जाड असतात ते याचमुळे. चित्रातल्या सांगाड्याची हाडे मात्र साध्या माणसाच्याच प्रमाणात आहेत, कारण ती साध्या माणसाचीच मोठी केलेली आहेत.

शिवाय, चित्र खोटे ठरल्याने महाभारताचे काहीच उणे होत नाही. घटोत्कचाची कथा शतकानुशतके कोणत्याही छायाचित्राशिवाय सांगितली गेली आहे. श्रद्धेला बनावट पुराव्याचा टेकू दिला की टेकू पडताना उगाचच श्रद्धेलाही धक्का बसतो, आणि द्वारकेच्या समुद्रात खरोखर बुडी मारणाऱ्या संशोधकांच्या कामाकडेही लोक संशयाने पाहू लागतात. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खंत याची वाटते.

भारतीय स्थळांसाठी कोठे पाहावे?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ‘इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू’ हे वार्षिक १९५३-५४ पासूनच्या कामाचा आढावा देते. त्यात राज्यवार उत्खननांची माहिती आणि छायाचित्रे असतात, आणि जुने अंक आंतरजालावर वाचता येतात. महाराष्ट्रातील स्थळांसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अहवाल पाहावेत. उदाहरणार्थ, इनामगावला सापडलेल्या चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेल्या माणसाचे छायाचित्र कोणी ‘परग्रहवासीयाचे दफन’ म्हणून पाठवले, तर त्याच रांजणाचे वर्णन, थर आणि काळ त्या उत्खननाच्या अहवालात मिळतो. वस्तू संग्रहालयात असेल तर तिचा नोंदणी क्रमांक शोधावा. तो मिळाला की संग्रहालयाच्या सूचीत ती कोठून व केव्हा आली हे सापडण्याची शक्यता असते. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहात प्रत्येक चित्राच्या पृष्ठावर ते कोणी चढवले, कोठून घेतले आणि कोणत्या अटींवर वापरता येते याची नोंद असते. ती नोंद सदस्यांनीच लिहिलेली असल्याने तिच्यावर थांबू नये, तिच्यात दिलेल्या स्रोतापर्यंत जावे.

दिवाळी अंकासाठी, शाळेच्या हस्तलिखितासाठी किंवा गावच्या इतिहासाच्या पुस्तकासाठी चित्र वापरणाऱ्यांना हा शोध कायद्याच्या दृष्टीनेही करावा लागतो. भारतातील १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क सामान्यतः छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि परवानगी कोणाकडे मागायची हे मूळ स्रोत कळल्याशिवाय ठरवता येत नाही. स्रोत सापडला तर चित्राखाली वस्तू वा स्थळ, छायाचित्रकार किंवा संस्था, वर्ष आणि अहवालाचे किंवा संग्रहालयाचे नाव लिहावे. न सापडल्यास आपण कोठपर्यंत पोहोचलो तेवढेच लिहावे: ‘हे चित्र अमुक संकेतस्थळावर अमुक साली आढळले, छायाचित्रकार व स्थळ अनिश्चित.’ पुढचा शोधणारा मग त्या पायरीपासून खाली उतरू शकतो.